हातांची खुर्ची

कॅज्युअल्टीत नवीन आलेला डॉक्टर पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी शिकायचा: सुया कुठल्या कप्प्यात असतात, आणि कुलूपमामांकडून एक शब्द काढून घेता येत नाही. मामा तिथले वॉर्डबॉय. केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, तरी बॉयच. त्या एका बाबतीत दवाखाना मोठा दिलदार, माणसाला म्हातारं होऊ देत नाही.

कुलूप हे नाव पडलं ते त्यांच्या चेहऱ्यावरून. कॅज्युअल्टीला दुहेरी झुलतं दार होतं, दारासमोर फरशीवर पिवळा पट्टा, आणि पट्ट्याच्या अलीकडे लांबलचक व्हरांडा. व्हरांड्यात भिंतीला लागून बाकडी. बाकड्यांवर आतल्या रुग्णांची माणसं बसलेली असायची, आणि दार जरा हललं की सगळ्या माना एकदम वळायच्या. आता त्या दारातून सगळ्यात जास्त ये-जा कुणाची? डॉक्टर आत गेले की गेलेच. ये-जा मामांची. स्ट्रेचर आण, रक्ताची पिशवी आण, सिलिंडर ढकल. त्यामुळे माणसं मामांचं तोंड वाचायची. मामांची भुवई चुकून वर गेली तरी बाकड्यावर रडारड सुरू. तेव्हा मामांनी तोंड मिटायची विद्या साधून घेतली. आत काहीही घडो, पट्टा ओलांडला की चेहरा सपाट. ताकास तूर लागू द्यायचे नाहीत.

पुढे हीच विद्या यंत्रांनाही शिकवली गेली. पूर्वी सगळं कागदावर असायचं, आणि कागदाला पाय फुटतात. एकदा एका मुलीच्या आजाराची गोष्ट ती शुद्धीवर यायच्या आधीच तिच्या सासरी पोचली. कुणी पोचवली ते आजवर कळलेलं नाही. पोरगी बरी झाली, पण तिला न्यायला कुणी आलं नाही. त्यानंतर टॅब आले. आपण कुठं उभे आहोत ते म्हणे टॅबला कळतं. दाराच्या आत रुग्णाची सगळी माहिती उघडी, जुनी दुखणी, चालू गोळ्या, सगळं. पट्ट्याबाहेर पाऊल पडलं की पडदा काळा. मग तो टॅब मोठ्या डॉक्टरांच्या हातात का असेना. बाहेरच्या भिंतीवर नुसता रुग्णाचा क्रमांक आणि 'उपचार सुरू' एवढं दिसायचं. माणूस गेला तरी घरच्यांना सांगेपर्यंत 'उपचार सुरू'च. गळ्यातलं कार्ड लावल्याशिवाय दार उघडायचं नाही, आणि ज्याचं आपलं माणूस आत असेल त्याचं कार्ड तेवढ्यापुरतं बंद करायचं. काही जणांनी कुरकुर केली. मामा म्हणाले, "माझ्यासारखं वागायला यंत्राला एवढी वर्षं लागली होय!" हा त्यांचा एकुलता एक विनोद, तो त्यांनी पुढे बरेच दिवस पुरवून वापरला.

पण मामांची एक पद्धत कुठल्याच यंत्रात नव्हती. व्हरांड्याच्या टोकाला एक छोटी खोली होती. वाईट बातमी द्यायची ती तिथं. खोलीत एक टेबल आणि दोन स्टुलं. एकदा एक बाई बातमी ऐकून स्टुलावरून अशी कोसळली, की कपाळ फुटून तिलाच आत न्यावं लागलं. मामांच्या मनाला ते फार लागलं. सिस्टरांच्या टेबलापाशी एक निळी, हातांची खुर्ची होती. दोन्ही बाजूंना हात असले की माणूस पडत नाही, हा मामांचा साधा हिशेब. तेव्हापासून आत कुणी दगावलं की डॉक्टर बाहेर यायच्या आधी मामा ती खुर्ची उचलून छोट्या खोलीत नेऊन ठेवायचे. हळूहळू आत 'गेला' हा शब्दच कुणी उच्चारेनासं झालं. सिस्टर हळूच म्हणायच्या, "मामा, खुर्ची." बाहेरच्यांना ती नुसतीच खुर्ची वाटायची, आणि तेच बरं होतं.

घरी मामांची बायको शिंप्याकडून आणलेल्या शर्टांना काज-बटण करत बसायची. बोलायला फटकळ, मनाने लोण्याहून मऊ. "दिवसभर मी बटणं लावते आणि नवरा मिळाला तोही तोंडाला बटण लावलेला," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. चष्मा नाकावर नसला की आपल्याला ऐकू येत नाही, असं तिचं ठाम म्हणणं होतं. त्यांची एकुलती एक लेक चष्म्याच्या दुकानात कामाला. तिने एकदा नीट समजावून सांगितलं, की आई, डोळ्यांचा आणि कानांचा काहीएक संबंध नसतो. त्यावर आई म्हणाली, "काय म्हणालीस? थांब, चष्मा लावू दे." लेक हसून हसून जमिनीवर बसली. मामाही हसले, पण मिटल्या ओठांनी. चेहऱ्याची सवय घरात तरी कुठली सुटते!

त्या सवयीपायी एकदा घरात फार वाईट झालं होतं. बायकोचा धाकटा भाऊ कामावर उंचावरून पडला आणि त्याला नेमकं मामांच्याच दारात आणलं. आपलं माणूस आत असलं की कार्ड बंद करायचा नियम तेव्हा आलेला नव्हता, म्हणून मेहुणा असूनही मामाच आत-बाहेर करत होते. बायको आणि तिची बहीण बाहेर बाकड्यावर बसल्या. मामा दोघींच्या समोरून तीनदा गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा भाऊ होता. दुसऱ्यांदा गेले तेव्हा नव्हता. बायको त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, तोंडावर काहीही नव्हतं. तिसऱ्यांदा मामांच्या हातात ती निळी खुर्ची होती. बायको म्हणाली, "अहो, माझ्यासाठी कशाला आणलीत? मी बरी आहे इथं." मामा ती घेऊन छोट्या खोलीकडे गेले.

त्यानंतर ती कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मग एका दुपारी सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "ती खुर्ची म्हणजे काय होतं, ते सांगा." आणि मामांनी आयुष्यात पहिल्यांदा आतली गोष्ट बाहेर सांगितली. बहिणीलाही तिने ते सांगितलं. मग मामांना म्हणाली, "तुमचा राग नाही धरत मी. नियम होता, कळलं. पण कधी मी त्या दारापलीकडे गेले, तर बाहेर आपली पोर बसेल. तिच्यासमोरून असं लाकडासारखं जायचं नाही. तुम्हाला कळेल ते त्या क्षणी तिला सांगायचं. बरं असो नाहीतर वाईट."

मामांनी मान हलवली.

"मान नको. तोंडाने म्हणा."

"सांगेन," मामा म्हणाले.

दिवस सरळ गेले. मग एका सकाळी अॅम्ब्युलन्स आली आणि सवयीप्रमाणे मामांनी पुढे होऊन स्ट्रेचर ओढलं. रुग्णाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, त्यामुळे त्यांचं लक्ष आधी हाताकडे गेलं. मधल्या बोटात शिवताना सुई टोचू नये म्हणून घालायचं पितळी अंगुस्तान तसंच अडकलेलं होतं. मागून लेक उतरली, दुकानाचा एप्रन न सोडता तशीच धावत आलेली. "बाबा, शेजारच्या काकूंनी फोन केला. आईच्या छातीत कळ आली आणि ती बसल्या जागी कलंडली."

मामांनी स्ट्रेचर दारापर्यंत ढकललं. पट्ट्यापाशी मोठ्या सिस्टर आडव्या आल्या. ह्या सिस्टर आणि मामा ह्या दारात एकत्रच म्हातारे झालेले. "मामा, तुम्ही इथं थांबा," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या गळ्यातलं कार्ड काढून घेतलं. पैलवान नावाचा दुसरा वॉर्डबॉय होता, अंगाने काडी म्हणून पैलवान. त्याने स्ट्रेचर आत नेलं. दार झुललं, थांबलं. सगळी हयात ज्या दाराच्या दोन्ही बाजूंना काढली, त्याच्या एकाच बाजूला मामा उरले.

ते लेकीशेजारी बाकड्यावर बसले. भिंतीवर 'उपचार सुरू'. लेक त्या अक्षरांवरून नजर हलवत नव्हती. "बघा ना बाबा, उपचार सुरू आहेत म्हणे." त्या अक्षरांची किंमत मामांना माहीत होती. त्यांचे डोळे पैलवानाच्या हातांवर होते. तो बाहेर आला, तेव्हा हातात रक्ताच्या नळ्या. परत आला, तेव्हा हात मोकळे. मामांकडे न बघता खाली मान घालून गेला. बरोबरच आहे, मामांनी मनाशी म्हटलं, मीच शिकवलंय त्याला. छोट्या खोलीचं दार उघडं होतं, आत टेबल आणि ती दोन स्टुलं. खुर्ची आलेली नव्हती.

"बाबा, तुम्हाला काहीतरी कळत असेल ना? एवढी वर्षं इथं आहात तुम्ही. सांगा ना."

लेकीचा आवाज अगदी तिच्या आईसारखा आला. तोंडाने म्हणा, असं कुणीतरी मामांच्या कानाशी म्हणाल्यासारखं झालं.

वेळ जात राहिला. हृदयाचा आलेख काढायचं यंत्र बाहेर आलं आणि निघून गेलं. मामांना अनुभवाने माहीत होतं, वाईट व्हायचं ते एवढ्या वेळात होऊन जातं आणि खुर्ची निघते. ते उठले, पट्ट्यापाशी गेले. कुणीतरी दार ढकलून बाहेर पडलं, तेवढ्या फटीतून त्यांना आतलं दिसलं. निळी खुर्ची आपल्या जागेवर होती, सिस्टरांच्या टेबलापाशी. आणि तिच्यावर मोठ्या सिस्टर बसल्या होत्या. मोठ्या सिस्टर कधी बसायच्या? आत धावपळ असली की त्यांचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत. त्या बसल्या म्हणजे आत निवांत. मामांचा जीव भांड्यात पडला.

मग लेकीपाशी आले आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. दाराबाहेर उभं राहून, डॉक्टर बोलायच्या आधीच, आतली गोष्ट सांगितली.

"तुझी आई ठीक आहे."

"कशावरून? कोण म्हणालं?"

"मला कळतं. खुर्ची निघाली नाही. ते जाऊ दे, तुला मागाहून सांगेन. ठीक आहे ती. धोका टळला."

लेकीने त्यांना मिठी मारली आणि हमसून हमसून रडली. मामांच्या चेहऱ्यावरचं कुलूप त्या मिठीत निघालं. ते चक्क दात दाखवून हसले. शेजारच्या बाकड्यावरच्या अनोळखी म्हातारीनेही "बरं झालं गं बाई" म्हणून डोळे पुसले.

"जा, घरी जाऊन तिच्या वस्तू आण," मामा म्हणाले. "स्वेटर आण, इथं थंडी फार. कंगवा आण. आणि चष्मा."

"चष्मा तर पहिला. नाहीतर डॉक्टर बोलतील आणि ही म्हणेल, ऐकू येत नाही." लेक डोळे पुसत हसली आणि व्हरांड्याच्या पायऱ्या उतरता उतरता तिने मावशीला फोन लावला. "मावशी, आई वाचली गं!" हे शब्द मामांना बाकड्यापर्यंत ऐकू आले. बायकोला दिलेला शब्द आपण पाळला, ह्याचं त्यांना केवढं समाधान वाटलं! अशा समाधानाला कुणाची दृष्ट लागते कोण जाणे.

थोड्या वेळाने दार उघडलं आणि तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्या मामांना छोट्या खोलीकडे घेऊन गेल्या नाहीत. सरळ येऊन बाकड्यावर त्यांच्या शेजारी बसल्या. डॉक्टर बाकड्यावर बसलेले मामांनी कधी पाहिले नव्हते.

"मामा, आम्ही सगळं केलं. मोठे डॉक्टरही आले होते. नाही वाचवता आलं."

मामा म्हणाले, "पण खुर्ची नाही निघाली."

डॉक्टरीणबाई नवीन होत्या. त्यांना कसली खुर्ची ते कळेना. दारात पैलवान उभा होता, बाहीने नाक पुसत. तो पुढे आला आणि मामांच्या पायाशी बसला.

"मामा, मी उचलली होती. दोनदा उचलली. तुमच्यासमोरून नेववेना हो. तुम्ही बघितली असतीत आणि बाकड्यावर बसल्या जागी तुम्हाला कळलं असतं. सिस्टर म्हणाल्या, आज खुर्ची राहू दे, त्यांना माणसाच्या तोंडून कळू दे. मग त्यांचेच पाय गळाले, त्या तिच्यावरच बसल्या."

मामांनी सगळं ऐकून घेतलं. रागवायचं तरी कुणावर? दवाखान्यात एवढी माया करणारी माणसं आहेत, हे त्यांना आजच कळायचं होतं. "कधी गेली?" त्यांनी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. म्हणजे सिस्टर खुर्चीवर बसल्या होत्या तेव्हा ती गेलेलीच होती. पोर शेजारी होती, हातात हात होता, सांगता आलं असतं, आणि मी तिला हसवून घरी पाठवली, हे मामांच्या डोक्यात घणासारखं पडू लागलं. "मी पोरीला सांगून बसलो हो," ते म्हणाले, "आई ठीक आहे म्हणून सांगून बसलो."

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. लेक होती. मागून घरातलं घड्याळ टिकटिकताना ऐकू येत होतं.

"बाबा, निळा स्वेटर घेऊ का करडा?"

घरात ती एकटी होती. समोर आईचे अर्धे शिवलेले शर्ट पडलेले असणार, आणि पुढे रस्ता एकटीने यायचा होता. मामांनी डोळे मिटले. चेहरा फोनमधून दिसत नाही, तरी त्यांनी तो सपाट केला. मग आवाजही सपाट केला.

"निळा घे," ते म्हणाले. "सावकाश ये. घाई नाही."

आत जाऊन त्यांनी तिला पाहिलं. सिस्टरांनी बोटातलं अंगुस्तान काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. मामा तिच्याशी काय बोलले ते त्या दोघांतलं, ते आतच राहिलं. मग ते सिस्टरांच्या टेबलापाशी गेले. पैलवान धावत आला, "मामा, मी नेतो." मामांनी त्याला बाजूला केलं. निळी खुर्ची उचलली, दार पाठीने ढकललं आणि पिवळा पट्टा ओलांडला.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून लेक येत होती. केस विस्कटलेले, खांद्याला पिशवी, धापा टाकत, हसत. तिने वडिलांच्या हातातली खुर्ची बघितली.

"अरे वा! आईला एवढ्यात बसवणार सुद्धा? थांबा, मी धरते एका बाजूने."

तिने खरंच खुर्चीच्या एका हाताला धरलं. दोघांनी मिळून ती खुर्ची नेली. छोट्या खोलीच्या दाराशी तिला काहीतरी वेगळं वाटलं. "इथं कुठं आणलीत? आई आत आहे ना?" असं म्हणत तिने मान वर केली आणि वडिलांचा चेहरा तिला दिसला. असा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. त्यावर सगळं लिहिलेलं होतं, लहान मुलालाही वाचता यावं असं.

"बस, बाळ," मामा म्हणाले.

ती बसली. खुर्चीचे हात तिने घट्ट धरले. मामा फरशीवर गुडघे टेकून तिच्यासमोर बसले आणि त्यांनी सांगितलं, काही न लपवता, खुर्चीचं, सिस्टरांचं, स्वतःच्या चुकीचं, सगळं. पिशवीतून चष्म्याचं घर काढून लेकीने मांडीवर ठेवलं, उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग जे रडू फुटलं ते थांबेना. खुर्चीच्या एका पायाचं रबर निघालेलं होतं, तो फरशीवर खटखट वाजत राहिला.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बाबा, मी मावशीला सांगितलंय. आई वाचली म्हणून सांगितलंय मी. आता तिला काय सांगू?"

"तू नको," मामा म्हणाले. "फोन इकडे दे."

तिचा एक हात त्यांनी आपल्या हातात धरला आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला. पलीकडून मावशीचा आवाज आला, मोठा, मोकळा. "भावोजी! काय घाबरवलंत हो आम्हाला! मी म्हटलंच, ताई कुठली जातेय एवढ्यात! चष्मा दिलात ना तिला? आता ऐकू येतंय का बघा!"

मामा म्हणाले, "तू आधी बस."

"बसते हो. का?"

"अशी नको. घरात हातांची खुर्ची असेल, तिच्यात बस."

पलीकडचा आवाज एकदम बंद झाला. त्या दिवशी बाकड्यावर दोन बहिणी बसल्या होत्या, आणि खुर्ची म्हणजे काय ते दोघींनाही माहीत होतं. फोनमधून कुठल्याशा खुर्चीचा सरकण्याचा आवाज आला. मग मामांनी मावशीला सांगितलं, आणि सांगता सांगता, छोट्या खोलीच्या उघड्या दारातून व्हरांड्यातल्या सगळ्या बाकड्यांना दिसेल असे, मोठ्याने रडले.